अमळनेरहून वॉटर पार्क: अकरा महिन्यांत पाच फेऱ्या

शिर्डीच्या वेट एन जॉयमध्ये लाटांच्या तलावापाशी पोहोचल्यावर सासूबाईंनी पहिलं काही विचारलं ते हे: "इतलं पानी कथाईन आनतस व माय?" म्हणजे, एवढं पाणी आणतात तरी कुठून?

आमच्याकडे मे महिन्यात नळ चार-चार दिवस कोरडा असतो. पिंपं, हंडे, कळशा, सगळं भरून ठेवायची सवय हाडात मुरलेली. समोर एवढं पाणी लोकांच्या अंगावर उडताना बघून मलाही कसंतरी झालं. म्हणून तलावाकाठी शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला विचारलंच. त्याने नीट समजावलं. तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून गाळून, क्लोरीन घालून पुन्हा पुन्हा फिरवतात. उन्हाने उडतं, बाहेर सांडतं आणि फिल्टर धुताना जातं, तेवढीच भर घालावी लागते. मागाहून वाचलं की अशा ठिकाणी डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो तयार होतो. तेव्हापासून आमच्या घरचं कुणीही शॉवरखाली अंग धुतल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. तुम्हीही मुलांना आधी स्वच्छतागृहात नेऊन आणा. ही विनंती मी अगदी मनापासून करते आहे.

गेल्या मेपासून या एप्रिलपर्यंत आमच्या पाच फेऱ्या झाल्या: शिर्डी दोनदा, खोपोलीचं इमॅजिका, गोराईचं वॉटर किंगडम आणि एक लहानसं पार्क. आम्ही पाच माणसं, मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. मुलांना घसरगुंड्यांची उंची महत्त्वाची. मी मात्र पार्क चांगलं की वाईट हे सासूबाईंवरून ठरवते. पाण्यात न उतरणाऱ्या माणसाला दिवसभर सावलीत बसायला जागा आहे का, प्यायचं गार पाणी फुकट मिळतं का, संडास जवळ आहे का. आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत असं एक माणूस असतंच, आणि तिकीट त्याचंही काढावं लागतं.

या हिशेबाने आम्हाला शिर्डी सोयीचं पडतं. धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव असं करत साडेचार-पाच तासांत पोहोचतो. दुसऱ्या खेपेला सासूबाई आणि हे शेजारच्या साईतीर्थमध्ये गेले. तिथे बसल्या जागी देशातल्या देवळांची सफर होते. गारव्यात बसून त्या खूश, इकडे मुलं पाण्यात खूश.

इमॅजिकाची गोष्ट वेगळी. 2013 साली तिथलं थीम पार्क सुरू झालं, वॉटर पार्क त्यानंतर वर्षभराने आलं. दोन्हींची तिकिटं वेगळी असतात आणि दोन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट करू नये. आम्ही जळगावहून रात्रीची गाडी धरली, पहाटे कल्याणला उतरलो आणि कर्जतवरून लोकलने खोपोली गाठलं. मुलं झोपेत होती. पुन्हा गेलो तर खोपोलीला एक रात्र मुक्काम करूनच जाऊ. नायट्रो हा तिथला मोठा रोलर कोस्टर. त्याला पायाखाली तळच नाही आणि तो पाच वेळा उलटा होतो. माझी मुलगी उंचीच्या मोजपट्टीला बोटभर कमी भरली. ती रडली, पण तिथल्या माणसाने सोडलं नाही, हे मला फार बरं वाटलं. मग तिला राजासॉरसच्या बोटीत नेलं. राजासॉरस हा खराच डायनासोर. त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि 2003 साली त्याला नर्मदेवरून नाव मिळालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. आपल्या नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणारी तीच नर्मदा. हे कळल्यावर पोरगी परतीच्या वाटेत सगळ्यांना तेच सांगत होती.

गोराईबद्दल थोडक्यात. ह्यांनी लहानपणी तिथल्याच एस्सेलवर्ल्ड या पाळण्यांच्या पार्कच्या जाहिराती टीव्हीवर बघितलेल्या, पण ते आता बंद आहे. वॉटर किंगडम चालू आहे. बोटीने खाडी ओलांडणं मुलांना पार्कइतकंच आवडलं.

लहान पार्कात मात्र मन विटलं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या मोजून तीन, त्यातल्या दोन खोल्यांना आतून कडी नाही. मी आणि एक अनोळखी ताई आळीपाळीने दार धरून उभ्या राहिलो. तक्रार करायला गेले तर "सीझन आहे मॅडम" एवढंच उत्तर मिळालं. त्या दिवसापासून दोन मोठ्या ओढण्या आणि सेफ्टी पिनांचं पाकीट माझ्या पिशवीत कायम असतं.

कपड्यांचं आधीच बघून ठेवा. सुती कपडे घालून पाण्यात सोडत नाहीत, कारण सुताचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. तिथले भाड्याचे पोशाख मला नको वाटतात. धुळ्याच्या बाजारातून नायलॉनचे घेतले, ते वर्षभर पुरले. लाटांचा तलाव सतत चालत नाही. थोडा वेळ लाटा, मग विसावा, असं असतं, आणि भोंगा झाला की सगळे एकदम धावतात. लहान पोरांना तेव्हा काठापाशी उथळ पाण्यातच धरून ठेवा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. सासूबाईंनी पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या वेळी फाटकावर थांबली. आता डबा गाडीतच ठेवतो. संध्याकाळी ओल्या केसांनी बाहेर आलो की कोपरगावच्या पुढे झाड बघून गाडी थांबवतो आणि सगळे तिथेच जेवतो. या मेमध्ये पुन्हा जायचंय, मुलीची उंची तोवर बोटभर वाढली आहे का ते दर रविवारी दाराच्या चौकटीवर मोजणं चालू आहे.