ड्रॉवरवाला पलंग: अकरा महिने वापरल्यानंतर

मागच्या गुढीपाडव्याला आमच्या घरी ड्रॉवरवाला पलंग आला. आता माघ सरत आलाय. म्हणजे कूलरचा उन्हाळा, पुरा पावसाळा आणि थंडी, तिन्ही ऋतू त्यानं पाहिले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, आणि ऑगस्टात लिहिलं असतं तर नुसता राग. म्हणून थांबले होते.

आमचं गाव हिंगणघाटपासून आत. घर तीन खोल्यांचं, त्यातली निजायची खोली दहा बाय अकरा. आधी तिथं लोखंडी पलंग होता आणि त्याखाली सासूबाईंच्या दोन पत्र्याच्या पेट्या. लुगडी, गोधड्या, सातबारा, बँकेची पुस्तकं, सगळं त्या पेट्यांत. काहीही लागलं की सासूबाई गुडघ्यांवर बसायच्या, कडी धरून पेटी ओढायच्या आणि उठताना पलंगाच्या पाइपाला धरून बराच वेळ तशाच थांबायच्या. ते मला रोज दिसायचं. पलंग घ्यायचं खरं कारण तेच.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक पेटीचा, ज्याची वरची फळी गादीसकट उचलायची, त्याला आता हायड्रॉलिक दांडे येतात. दुसरा ड्रॉवरचा. हायड्रॉलिकमध्ये जागा जास्त मिळते हे खरं आहे. पण आमची गादी घरच्या कापसाची, बावीस किलो रुई भरलेली. दुकानात पातळ फोमच्या गादीसह फळी बोटानं उचलून दाखवतात, त्यावर जाऊ नका. कापसाची गादी टाकली की ती बाईमाणसाला एका हातानं उचलत नाही, आणि उचललीच तर आत वाकून वस्तू काढताना लेकरू जवळ असेल तर भीती वाटते. घरात म्हातारं माणूस असेल आणि रोज उघडायचं असेल तर ड्रॉवरच घ्या. वर्षातून दोनदा उघडायचं असेल तर पेटीचा चालेल.

मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, मात्र या खरेदीलाच विरोध होता. ते म्हणाले, "अवं, बल्लारशाहचं सागवान २०२३ मंधी अयोध्येच्या मंदिराच्या दरवाज्याले गेलं, अन् तुमी भुशाचा पलंग मागवून राहिले?" त्यांचं चुकत नव्हतं. पण सागवानात पूर्ण पलंग करणं आमच्या हिशेबात बसत नव्हतं. गावातल्या मिस्त्रीनं प्लायवूडमध्ये एकतीस हजार सांगितले. ऑनलाइन तसाच दिसणारा साडेएकवीस हजारांत होता. आम्ही ऑनलाइनचा घेतला. त्याच्या माहितीत 'इंजिनिअर्ड वूड' लिहिलं होतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड असतो, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदानं दाबून केलेली फळी. हा शब्द दिसला की बोर्ड कुठला, प्लाय आहे की भुसा, जाडी किती, हे विचारून घ्या. प्लाय असेल तर शिक्का बघा. ७१० नंबरचा शिक्का म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला सगळ्यात जास्त टिकणारी.

माप घेताना मी एक काम चांगलं केलं. खोलीच्या फरशीवर रांगोळीनं पलंगाची चौकट काढली आणि दोन्ही बाजूंना उघडे ड्रॉवरही काढले. गादीचं माप पाच बाय साडेसहा फूट, म्हणजे ६० बाय ७८ इंच, पण पलंगाची बाहेरची रुंदी ६३ इंच भरते. खोली १२० इंच. पलंग मधोमध ठेवला तर दोन्हीकडे साडेअठ्ठावीस इंच उरतात. ड्रॉवर बाहेर येतो वीस इंच. उरलेल्या साडेआठ इंचांत समोर माणूस बसत नाही, बाजूनंच बसावं लागतं. हे आधीच कळल्यामुळे लोखंडी कपाट आम्ही समोरच्या खोलीत हलवलं. पलंग भिंतीला चिकटवायचा असेल तर त्या बाजूचे दोन ड्रॉवर कायमचे बंद झाले असंच समजा.

सामान गावापर्यंत आलं नाही. तालुक्याला उतरवून घ्यावं लागलं, तिथून छोटा हत्ती करून नऊशे रुपयांत घरी आणलं. पाच खोकी होती. उघडली तर एका ड्रॉवरच्या चॅनलची, म्हणजे ज्यांवर ड्रॉवर आतबाहेर सरकतो त्या पट्ट्यांची, जोडीच नव्हती. फोन केला, फोटो पाठवले, परत फोन केला. सोळा दिवसांनी चॅनल आले. सोळा दिवस एक ड्रॉवर भिंतीला टेकून उभा होता, आणि फोनवर दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारायचा. माझा सल्ला असा की खोकी आली त्याच दिवशी, जोडायचं असो नसो, कागदावरच्या यादीशी एकेक स्क्रू मोजून घ्या.

जोडणी यांनी आणि भाऊजींनी केली. दीड दिवस लागला. पहिल्या दिवशी दोघांनी प्रत्येक स्क्रू लागल्या लागल्या आवळला आणि शेवटची बाजू बसेचना. चौकट तिरपी झाली होती. मग मिस्त्रीला बोलावलं. त्यानं सगळे स्क्रू अर्धे ढिले केले, कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला, आणि टेपनं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापं घेतली. एक ९९ इंच, दुसरं ९७ आणि तीन चतुर्थांश. सारखी असायला पाहिजेत. पायानं हलकेच ठोसून दोन्ही मापं साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास आणली आणि मगच आवळायला सांगितलं. तेसुद्धा हातानं. पार्टिकल बोर्डात ड्रिल मशीननं स्क्रू घट्ट केला तर भोकातला भुसा सुटतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. आमची दोन भोकं अशी गेली. त्यात बांबूची चोय फेविकॉल लावून ठोकली, रात्रभर वाळू दिली, मग स्क्रू धरला. आजही पक्का आहे.

पलंग उभा राहिला, गादी टाकली, सगळे खुश. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास खर्रकन आवाज आला. दाराकडचा ड्रॉवर आपोआप उघडला होता. बंद केला, सकाळी पाहतो तर परत उघडा. धाकटीच्या नडगीला त्याचा कोपरा लागला तेव्हा मी हट्टच धरला की याचं कारण सापडलंच पाहिजे. कारण साधं निघालं. धुतलेलं पाणी दाराकडे जावं म्हणून आमच्या फरशीला उतार आहे. मिस्त्रीनं पाण्याची नळी धरून पाहिलं, तर पलंगाच्या रुंदीतच अर्ध्या इंचाचा फरक. चॅनलमध्ये छोट्या गोळ्या असतात, त्यामुळे ड्रॉवर जरासाही उतार मिळाला की पळतो. दाराकडच्या पायांखाली रबराचे तुकडे घालून लेव्हल केली आणि आवाज बंद झाला. पुठ्ठा घालू नका, फरशी पुसताना भिजतो आणि दबतो. गावातल्या बहुतेक घरांत फरशीला उतार असतोच, त्यामुळे पाय फिरवून खालीवर करता येतात असाच पलंग बघा. आमच्याला ती सोय नाही.

आता कूलरबद्दल. वर्णनात 'दमट हवेपासून जपा' असं लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो की विदर्भाचा उन्हाळा तर कोरडा. बाहेर कोरडाच असतो. पण एप्रिलपासून जूनपर्यंत खिडकीतला कूलर दिवसरात्र चालतो, ताट्यांतून भिजलेली हवा सरळ पलंगाच्या उशाशी येते आणि जोरात लावला तर तुषारही उडतात. मेच्या शेवटी खिडकीकडच्या फळीची कडेची पट्टी सुटू लागली. बोट फिरवलं तर आतला बोर्ड खरखरीत आणि फुगलेला लागला, भिजलेल्या पापडाच्या कडेसारखा. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, याले पाण्याचा हात लागला का हा फुगते, अन् फुगला का मंग बसत नाही." ते तंतोतंत खरं निघालं. साग पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात परत बसतो. भुसा फुगला की फुगलाच. आम्ही पलंग खिडकीपासून दीड हात सरकवला, कडेला फेविकॉलनं पट्टी परत बसवली, तरी ती फळी आजही बाकीपेक्षा जाड आहे. कूलरची खोली असेल तर पार्टिकल बोर्ड घेऊ नका, असं मी ठाम सांगेन.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट कळली. कंपनीनं गादीखाली सलग फळ्या दिल्या होत्या, मध्ये फट नाही. कापसाची गादी ओल धरते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तर आई ऊन पडलं की गाद्या अंगणात टाकायची. पण ऑगस्टात ऊनच नव्हतं. पोळ्याची आवराआवर करताना गादी उचलली तर खालच्या बाजूला करडे ठिपके आणि कुबट वास. बुरशी लागली होती. बाजेवर हे कधी होत नसे, कारण दोऱ्यांमधून वारा जायचा. मिस्त्रीनं जुन्या घराच्या छताचं सागाचं लाकूड चिरून तीन इंची चौदा पट्ट्या काढल्या आणि मध्ये पावणेतीन इंचांच्या फटी ठेवून बसवल्या. त्यानंतर ओल नाही, वास नाही. पट्ट्यांना मधोमध आधार हवा. पाच फूट रुंदीला मधली लांब दांडी आणि तिला निदान दोन पाय लागतात. आमच्याला एकच होता, म्हणून दुसरा लावून घेतला.

पट्ट्या बसवताना पलंगाच्या पोटात काय आहे ते पहिल्यांदा दिसलं. दोन्ही बाजूंचे ड्रॉवर वीस-वीस इंच आत जातात, मध्ये जवळजवळ वीस इंचांची बंद पोकळी उरते. तिथं हात जात नाही, झाडू जात नाही. उंदरानं गादीचाच कापूस कुरतडून घरटं केलं होतं. दिवाळीआधी कापूस घरात येतो, खोलीच्या कोपऱ्यात ढीग लागतो, उंदीर तर येणारच. आता त्या पोकळीच्या दोन्ही टोकांना बारीक लोखंडी जाळी ठोकली आहे आणि वर्षातून दोनदा दोन पट्ट्या काढून आत झाडते. उधई लागू नये म्हणून पलंग भिंतीपासूनही चार बोटं दूर ठेवलाय.

ड्रॉवरचं तळ हे सगळ्यात स्वस्तात उरकलेलं काम. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड. गोधड्यांना चालतो, पण मुलांची वह्यापुस्तकं आणि कागदपत्रं ठेवली तेव्हा महिनाभरात मध्ये झोळ आला आणि तळ खालच्या पट्टीला घासू लागला. चॅनल साधारण ३५ ते ४५ किलो सहज पेलतो, पण तळ आधी हार मानतो. दोन ड्रॉवरना सहा मिलिमीटरची प्लाय टाकून घेतली. ड्रॉवर बाहेर काढायला ठोकाठोक लागत नाही. पूर्ण ओढायचा, दोन्ही चॅनलवर काळी प्लास्टिकची जीभ असते, एकीकडची वर आणि दुसरीकडची खाली दाबायची, ड्रॉवर हातात येतो. चॅनल घासू लागला तर खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटून आणखी जड होतो. कोरड्या फडक्यानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

मुठी गोल होत्या. सासूबाईंच्या लुगड्याचा काठ दोनदा अडकला. मी त्या काढून लांब आडव्या दांडीच्या बसवल्या, सांधे दुखणाऱ्या बोटांना त्या चार बोटांनी धरता येतात.

जोडणीचे आणि दुरुस्तीचे मिळून मिस्त्रीला चौतीसशे दिले. वाहतूक धरून पलंग पंचवीस हजार आठशेला पडला. एकतीस हजारांत प्लायचा, आमच्या मापाचा, घरी उभा राहून करून घेतलेला मिळत होता. परत घेतला तर तोच घेईन. ड्रॉवरच घेईन, याबद्दल मात्र मनात काही शंका नाही. सासूबाई आता पाटावर बसतात, दांडी ओढतात, कडुलिंबाच्या पाल्यातलं लुगडं काढतात आणि गादीच्या कडेला हात टेकून उठतात. पत्र्याच्या पेट्या माळ्यावर गेल्या.

मामाजींच्या खोलीसाठी दुसरा पलंग याच महिन्यात घ्यायचा ठरला आहे. परवा मिस्त्री माप घ्यायला आला होता. मी चॅनल, पट्ट्या, फिरणारे पाय असं सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं. सासूबाई मधेच उठल्या, फरशीवर आपली वीत टेकवली आणि म्हणाल्या, "खण येथून वरतं पाहिजे बाप्पा. खालून झाडू गेला पाहिजे, अन् मले वाकाचं काम नाही पडलं पाहिजे." मिस्त्रीनं त्यांच्या वितीला टेप लावला आणि पावणेआठ इंच लिहून घेतले.