‘रिकॉलमध्ये बदलून मिळाले आहे’: जुनी सात आसनी गाडी घेताना झालेली फसवणूक

जुन्या गाडीच्या व्यवहारात मीटर मागे फिरवणे, अपघात लपवणे, कर्ज न फेडलेली गाडी गळ्यात मारणे हे प्रकार बहुतेकांना ऐकून माहीत असतात. आमच्या बाबतीत जे घडले ते याहून थोडे वेगळे होते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे. वाहन कंपनीने सुरक्षेसाठी जाहीर केलेल्या रिकॉलचा (दोष असलेल्या गाड्या परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून देण्याचा), म्हणजे मुळात ग्राहकाच्या हिताच्या गोष्टीचा, येथे अपघाताच्या खुणा झाकण्यासाठी वापर करण्यात आला. विक्रेत्याचे आणि गाडीचे नाव देत नाही. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीचा या फसवणुकीशी काहीही संबंध नाही.

आमचे कुटुंब सहा जणांचे: सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले. फोंड्याहून सत्तरीतील मूळ गावी जायचे, किंवा देवदर्शनाला म्हार्दोळ-मंगेशीपर्यंत जरी जायचे, तरी छोट्या गाडीत दाटीवाटी व्हायची. नवी सात आसनी गाडी आवाक्याबाहेर होती, म्हणून जुनी पाहू लागलो. मडगावच्या बाजूला हमरस्त्यालगत जुन्या गाड्या मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडे पाच वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी मिळाली. मीटरवर ४१ हजार किलोमीटर, किंमत साडेसहा लाख. गाडी मूळची महाराष्ट्रातली. ना हरकत दाखला घेऊन तिची गोव्यात पुन्हा नोंदणी झालेली होती, त्यामुळे पाटीवर ‘जीए-०८’ होते.

गाडी पाहताना दोन गोष्टी खटकल्या होत्या, आणि त्या आम्ही बोलूनही दाखवल्या. स्टिअरिंगच्या मधले झाकण बाकीच्या चाकापेक्षा स्पष्टपणे नवे दिसत होते, आणि डॅशबोर्डचा डावा भाग किंचित गडद होता. विक्रेत्याकडे उत्तर तयार होते. ‘वहिनी, या मॉडेलच्या एअरबॅगचा रिकॉल आला होता. कंपनीने फुकटात दोन्ही नव्या बसवून दिल्या आहेत, म्हणून ते नवे दिसते. उलट तुमचा फायदाच आहे.’ माझ्या यजमानांकडे वळून तो ‘पात्रांव, भिवपाची गरज ना’ (साहेब, घाबरायची गरज नाही) असेही कोकणीत म्हणाला. त्याने कंपनीच्या कार्यशाळेच्या शिक्क्यासह जॉब कार्डाची, म्हणजे तेथे केलेल्या कामाच्या नोंदपत्राची, छायाप्रत दाखवली आणि तीच नंतर व्हॉट्सअॅपवर पाठवली. घरी येऊन शोध घेतला, तर त्या मॉडेलसाठी एअरबॅगशी संबंधित रिकॉल खरोखरच जाहीर झालेला होता. खोटे बोलण्यासाठी त्याने खऱ्या गोष्टीचा आधार घेतला होता, आणि संशय घेणारा माणूस जेथे पडताळणी करील, नेमके तेथेच त्याचे म्हणणे खरे ठरत होते.

रिकॉलविषयी आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. काहींना वाटते की रिकॉल आलेली गाडी वाईट. काहींना वाटते की रिकॉल आला म्हणजे दुरुस्ती आपोआप झाली. दोन्ही खरे नाहीत. कुटुंबासाठी घेतल्या जाणाऱ्या मोठ्या गाड्यांचीच उदाहरणे पाहावीत. जनरल मोटर्सने २०१३ मध्ये टवेराच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, त्या उत्सर्जनाचे निकष आणि विनिर्देश यांच्या कारणावरून. मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये एर्टिगा, एक्सएल-६, सियाझ इत्यादींच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी बोलावल्या, आणि तोपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये, विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये, असे मालकांना कळवले. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही सूचना वाचायला मिळाली नाही तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. कियाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅरेन्सच्या ४४,१७४ गाड्या एअरबॅग नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेच्या सॉफ्टवेअरसाठी बोलावल्या. मारुतीच्याच इको आणि एस-प्रेसोच्या ८७,५९९ गाड्या जुलै २०२३ मध्ये स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी (स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यासाठी) बोलावण्यात आल्या. यांपैकी एकाही घोषणेमुळे ती गाडी घेण्यास अयोग्य ठरत नाही. प्रश्न एवढाच असतो की आपल्यासमोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचे काम झाले आहे की नाही, आणि याचे उत्तर मॉडेलच्या नावावरून मिळत नाही. ते केवळ चासी क्रमांकावरून, म्हणजे प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या स्वतंत्र क्रमांकावरून, मिळते. विशिष्ट तारखांच्या दरम्यान तयार झालेल्या गाड्यांनाच रिकॉल लागू असतो, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी एक त्यात असते आणि दुसरी नसते.

आणखी एक बाब जुनी गाडी घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. कंपनीचे पत्र, संदेश किंवा फोन जातो तो तिच्याकडे नोंद असलेल्या मालकाला, आणि तो बहुधा पहिला मालक असतो. गाडी दोन हात फिरून परराज्यात गेली, क्रमांकाची पाटी बदलली, की निरोप जुन्याच पत्त्यावर पोहोचत राहतो. दुरुस्तीचा हक्क मात्र गाडीबरोबर जातो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही ते काम अधिकृत कार्यशाळेत विनामूल्य करून मिळते. नोंदणी क्रमांक बदलला तरी चासी क्रमांक बदलत नाही, आणि अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकून रिकॉल प्रलंबित आहे का हे पाहता येते.

आमची गाडी पहिल्या सर्व्हिसिंगसाठी कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत गेली तेव्हा तेथील सल्लागाराने चासी क्रमांक संगणकावर टाकला आणि रिकॉलचे काम प्रलंबित असल्याचे सांगितले. आम्ही जॉब कार्डाची प्रत पुढे केली. त्यावरचा क्रमांक त्यांच्या नोंदीत होता, पण तो भलत्याच गाडीच्या साध्या ऑइल बदलाचा होता. त्यांच्या नोंदीनुसार आमच्या गाडीची शेवटची सर्व्हिस आम्ही घेण्याच्या दीड-दोन वर्षे आधी रत्नागिरी जिल्ह्यात झाली होती, आणि तेव्हाच ती ८६ हजार किलोमीटर चाललेली होती. मीटरचे ४१ हजार कोठून आले हे उघड झाले.

खरा धक्का यानंतरचा. रिकॉलचे काम करण्यासाठी त्यांनी स्टिअरिंगचे झाकण उघडले, तर आत एअरबॅगच नव्हती. तिच्या जोडणीत छोटा रेझिस्टर बसवलेला होता. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डखालीही तोच प्रकार. गाडीचा समोरून अपघात झाला होता, दोन्ही एअरबॅग उघडल्या होत्या, आणि त्या पुन्हा बसवण्याचा खर्च वाचवून केवळ बाहेरची झाकणे नवी घातली होती. म्हणजे सासूबाईंना आम्ही आग्रहाने पुढच्या आसनावर बसवत होतो, त्या आसनासमोर रिकामी पोकळी होती. रिकॉलमध्ये कंपनी मूळ सुटा भाग बदलून देते. तो भागच गाडीत नसल्यामुळे विनामूल्य कामही होऊ शकले नाही, आणि नव्या एअरबॅग, नियंत्रक यंत्रणा व पुढचे दोन्ही सीट बेल्ट यांचा सगळा खर्च आमच्यावर आला.

ही युक्ती कशी चालते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण नेहमीच्या तपासणीत ती सापडत नाही. गाडीची चावी फिरवली की एअरबॅगचा इशारादिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्या वेळात नियंत्रक यंत्रणा प्रत्येक एअरबॅगच्या जोडणीतला विद्युतरोध तपासून घेते. अपेक्षित रोध मिळाला की एअरबॅग जागेवर आहे असे ती समजते. तेवढाच रोध देणारा, काही रुपयांचा रेझिस्टर बसवला की यंत्रणा फसते आणि दिवा अगदी शिस्तीत विझतो. आमच्या गाडीत तसेच होत होते. काही जण याहूनही ओबडधोबड काम करतात: दिवा काढूनच टाकतात किंवा त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडतात. चावी फिरवल्यावर हा दिवा मुळीच लागत नसेल, किंवा तो नेहमी बॅटरीच्या वा ऑइलच्या दिव्याबरोबर एकाच क्षणी विझत असेल, तर तेथेच थांबावे. मात्र दिवा नीट चालतो म्हणून निश्चिंत होऊ नये. अपघाताच्या इतर खुणा अधिक बोलक्या असतात. पुढच्या सीट बेल्टवर शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा उत्पादनाची तारीख असते; ती गाडीच्या उत्पादनाच्या महिन्याशी जुळते का, हे पाहावे. पुढच्या काचेवरचा छाप बाकीच्या काचांशी ताडून पाहावा. बॉनेट आणि मडगार्ड यांच्या बोल्टांवर पान्याने रंग उडाला आहे का, तेही पाहावे.

एअरबॅगच्या रिकॉलला आपल्या हवामानात विशेष अर्थ आहे, म्हणून थोडे विषयांतर करते. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणाऱ्या भागामुळे) जगातला सर्वांत मोठा वाहन रिकॉल झाला. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग बदलाव्या लागणार होत्या, आणि जून २०१७ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्या यादीत होंडा ओडिसी आणि टोयोटा सिएना या कुटुंबांसाठीच्या मिनीव्हॅनही होत्या. त्या इन्फ्लेटरमधील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडत असे आणि अपघाताच्या वेळी एवढ्या जोराने पेटत असे की धातूचे आवरण फुटून त्याचे तुकडे प्रवाशांवर येत. उष्ण आणि दमट हे दोन्ही शब्द गोव्याला लागू पडतात. एअरबॅगचा प्रलंबित रिकॉल ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून टाळण्यासारखा नाही, तो एवढ्याचसाठी.

विम्याची जुनी पॉलिसी मागून घ्यावी, असे मी आता प्रत्येकाला सांगते. वर्षभरात दावा केला नाही तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकाच मालकाकडे चार-पाच वर्षे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य असेल, तर दावा का झाला होता हे विचारायला हवे. अर्थात बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे मालक नुकताच बदललेला असल्यास शून्यावरून काही सिद्ध होत नाही. आम्हाला दाखवलेली पॉलिसी नव्या मालकाच्या नावावरची आणि केवळ तिसऱ्या पक्षाची, म्हणजे इतरांच्या नुकसानीपुरती होती. त्यामागची मागूनही मिळाली नाही.

कायद्याची बाजू आमच्या वकिलांनी समजावली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठीही १ एप्रिल २०२३ पासून नियम आहेत: त्यांनी नोंदणी अधिकाऱ्याकडून फॉर्म २९-बी मधील अधिकारपत्र घ्यायचे असते, आणि मालकाने गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याचे फॉर्म २९-सी मधून कळवायचे असते. आमच्या विक्रेत्याकडे असे अधिकारपत्र नव्हते. त्याने आम्हाला दिले ते कोणा तिसऱ्याच माणसाची सही असलेले, मालकी बदलण्यासाठीचे कोरे फॉर्म २९ आणि ३०. ‘सगळे असेच करतात’ हे त्याचे उत्तर दुर्दैवाने बरेचसे खरे आहे.

सुरुवातीला त्याने हात झटकले, मग पन्नास हजार देऊन प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली. आम्ही नकार दिला. फसवणुकीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार दिली आणि ग्राहक आयोगात स्वतंत्र दावा दाखल केला. पाच ते दहा लाखांच्या व्यवहारासाठी आयोगाचे शुल्क केवळ २०० रुपये आहे, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही प्राथमिक मार्गदर्शन मिळाले.

आमच्या दाव्यात सर्वांत उपयोगी ठरले ते अधिकृत कार्यशाळेने लेटरहेडवर दिलेले तपासणीचे पत्र, उघडलेल्या स्टिअरिंगची तिथेच काढलेली छायाचित्रे, आणि ‘रिकॉलमध्ये दोन्ही एअरबॅग बदलून मिळाल्या आहेत’ हा विक्रेत्याचा स्वतःचा व्हॉट्सअॅप संदेश. तोंडी आश्वासन त्याने पहिल्याच उत्तरात नाकारले. संदेश नाकारता आला नाही. म्हणून विक्रेता रिकॉलचा उल्लेख करील तेव्हा त्याच्याकडून ते लिहून घ्यावे, पैसे देण्याआधी चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या कोणत्याही अधिकृत कार्यशाळेत जावे, आणि रिकॉलची स्थिती व शेवटच्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर या दोन गोष्टी विचाराव्यात. विक्रेता चासी क्रमांक द्यायला टाळाटाळ करू लागला, तर पुढची बोलणी करूच नयेत.