गोळी बंद की दोन इंजेक्शनं? रेडिओआयोडीनआधीची तयारी

थायरॉइडच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर रेडिओआयोडीन, म्हणजे उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन, द्यायचं, तर रक्तातला टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) साधारण ३० च्या वर न्यावा लागतो. तरच उरलेल्या पेशी आयोडीन नीट ओढून घेतात.

जुना मार्ग म्हणजे थायरॉक्सिनची (ऑपरेशननंतर थायरॉइडच्या संप्रेरकाची उणीव भरणारी) गोळी तीन-चार आठवडे बंद, म्हणजे टीएसएच आपोआप चढतो. पैसे लागत नाहीत, पण अंगावर निघतं. नाडी मंदावते, चेहरा सुजतो, कोलेस्टेरॉल चढतं, रक्तवाहिन्या आखडतात, हृदय कमी रक्त ढकलतं. मूत्रपिंडाकडेही रक्त कमी जातं. मग आयोडीन लघवीवाटे उशिरा बाहेर पडतं आणि रक्ताला, अस्थिमज्जेला किरणोत्सार जास्त सोसावा लागतो. ओपीडीच्या घाईत हे क्वचितच कोणी समजावतं.

दुसरा मार्ग टीएसएचच्याच इंजेक्शनांचा: ०.९ मिलिग्रॅम, लागोपाठ दोन दिवस, तिसऱ्या दिवशी आयोडीन. गोळी चालूच. कधी मळमळ, डोकेदुखी. खरी डोकेदुखी किमतीची.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि फ्रान्समधल्या चाचण्यांत, कमी धोक्याच्या रुग्णांमध्ये दोन्हींचं यश जवळपास सारखंच निघालं. त्यामुळे तरुण, धडधाकट माणसानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी थांबवली तर फारसं बिघडत नाही. हृदयविकार किंवा अशक्त मूत्रपिंड असेल, तर मी इंजेक्शनच्या बाजूचा.

आयोडीनयुक्त मीठ मात्र दोन्हीकडे आठवडा-दोन आठवडे बंदच.