प्रारूप मतदार यादीवरची हरकत: पालिकेची ही सेवा किती कामाची?

विधानसभेच्या यादीत नाव आहे, ओळखपत्र हातात आहे, आणि महापालिकेच्या मतदानाला गेल्यावर कळतं की आपलं नाव शेजारच्या प्रभागात गेलंय. चार सदस्यांचा प्रभाग असेल तर चारही मतं भलत्याच प्रभागात पडतात. ही चूक मतदानाच्या दिवशी कुणीही दुरुस्त करून देत नाही. ती सुधारायची वेळ एकदाच येते, प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागल्यावर. महाराष्ट्रात ही हरकत-सूचनांची सेवा राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली महापालिका आणि नगरपरिषदा चालवतात. आमच्या मते तिला पाचपैकी अडीच गुण. अर्ज घेण्याची व्यवस्था बरी आहे, दुरुस्तीचा आवाका तोकडा आहे, आणि निर्णय चुकला तर पुढे दाद मागण्याची सोपी वाट नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी दूर करू. या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही, वगळता येत नाही आणि पत्ताही बदलता येत नाही. आयोग स्वतः नावं नोंदवत नाही. तो भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांत फोडतो. गेल्या निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर भरलेला नमुना ६, म्हणजे नवीन नाव नोंदवायचा अर्ज, कितीही बरोबर असला तरी पालिकेच्या यादीत दिसत नाही. हरकतीतून तीनच गोष्टी होतात: फोड करताना चुकलेला प्रभाग बदलणं, विधानसभेच्या यादीत असून इथे गळालेलं नाव परत घेणं, आणि लेखनिकाच्या चुका सुधारणं. खिडकीवर नमुना ६ घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवतात ते यामुळे. त्यात कर्मचाऱ्याचा दोष नाही. दोष आहे तो ही मर्यादा जाहीर सूचनेत ठळक न छापण्याचा.

चूक नेमकी कुठे होते, हे समजून घेतलं की अर्ज निम्मा लिहून होतो. प्रभागांच्या हद्दी २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवर, म्हणजे गणनेसाठी पाडलेल्या छोट्या वस्ती-तुकड्यांवर, बेतलेल्या असतात. विधानसभेची यादी मतदान केंद्रांच्या सोयीने भागांत विभागलेली असते. या दोन रेषा एकमेकींवर बसत नाहीत. एकाच यादी भागातली अर्धी गल्ली एका प्रभागात आणि उरलेली दुसऱ्यात, असं सर्रास होतं. मग पालिकेचे कर्मचारी कंट्रोल चार्ट तयार करतात. समजा भाग ११२ आहे: अनुक्रमांक १ ते ३४० प्रभाग ७ मध्ये, ३४१ ते ९१८ प्रभाग ८ मध्ये. इमारतींचा क्रम यादीत सलग असेल तोवर हे जमतं. पण भागाच्या शेवटी पुरवणी असते. मागाहून नोंदवलेली नावं तिथे येतात, आणि ती इमारतींच्या क्रमाने नसतात. चार्टमध्ये पुरवणीचे आकडे सरसकट एकाच प्रभागात टाकले की नव्याने राहायला आलेल्यांची आणि पहिल्यांदा मतदान करणाऱ्या तरुणांची नावं एकगठ्ठा भरकटतात. घर क्रमांकाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असलेली नावंही अशीच जातात. म्हणून प्रारूप यादी तपासताना आधी पुरवणी बघावी. आईवडील प्रभाग ८ मध्ये आणि अठरा पूर्ण झालेली मुलगी प्रभाग ७ मध्ये, अशी फूट तिथेच सापडते.

यादीत प्रत्येक नावाच्या चौकटीत तिरक्या रेघांनी जोडलेले तीन आकडे असतात: विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक, यादी भाग, आणि त्या भागातला मूळ अनुक्रमांक. अर्जात हेच लिहायचे. प्रभागाच्या यादीतला नवा अनुक्रमांक एकटा लिहून भागत नाही, कारण नाव हलवलं की तो बदलतो, आणि चार्ट दुरुस्त होतो तो मूळ आकड्यांवरून. ओळखपत्राचा क्रमांक, सध्या दाखवलेला प्रभाग, हवा असलेला प्रभाग, आणि प्रभागरचनेच्या अधिसूचनेत उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम असं जे हद्दीचं वर्णन असतं त्यातली आपल्या इमारतीला लागू पडणारी ओळ, एवढं एका पानात बसतं. ही हद्दीची ओळ फार थोडे अर्जदार लिहितात. ती लिहिली की हरकत खरी आहे का हे बघायला स्थळपाहणीला येणाऱ्या पालिकेच्या माणसाला वाद घालायला जागाच उरत नाही. सोबत पत्त्याचा पुरावा जोडावा. संपूर्ण इमारत चुकीच्या प्रभागात गेली असेल तर सगळ्यांचे आकडे तक्त्यात भरून द्यावेत. “आमच्या सोसायटीतल्या दोनशे लोकांची नावं चुकली आहेत” एवढंच लिहिलेलं पत्र कुणालाही तपासता येत नाही, आणि ते फाइलला लागून तिथेच राहतं.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख हवी, नुसता शिक्का पुरत नाही. स्थळपाहणीच्या वेळी कुणीतरी घरी असावं, कारण पंचनाम्यात काय लिहिलं जातं त्यावरच निर्णय होतो.

मुदत हा या सेवेचा सगळ्यात कमजोर भाग. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींची प्रारूप यादी ८ ऑक्टोबर २०२५ ला आली, हरकतींना १३ तारखेपर्यंत वेळ होता, मग तो १७ पर्यंत वाढवला. महापालिकांची यादी २० नोव्हेंबरला आली, मुदत २७ पर्यंत, मग ३ डिसेंबरपर्यंत. दोन्ही वेळा मुदतवाढ द्यावी लागली, यातच पहिली मुदत किती अपुरी होती ते दिसतं. एका प्रभागात हजारो नावं. यादी मिळवा, नकाशा मिळवा, ताडून बघा, पुरावे गोळा करा, हे पाच-सात दिवसांत नोकरी करणाऱ्या माणसाला होत नाही. हे काम राजकीय पक्षांच्या कार्यकर्त्यांवर पडतं, आणि ते आपापल्या मतदारांपुरतं बघतात. ज्यांच्यामागे कुठलाच पक्ष नाही, ते भाडेकरू आणि नवे रहिवासी राहून जातात.

आता देखरेखीचं. संविधानाच्या अनुच्छेद २४३के आणि २४३झेडए प्रमाणे या निवडणुकांचं आणि त्यांच्या याद्यांचं अधीक्षण, निदेशन व नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. प्रत्यक्षात एक यादी चार हातांतून जाते. नावं भारत निवडणूक आयोगाची. प्रभागरचनेचे अधिकार मार्च २०२२ च्या कायद्याने राज्य सरकारने स्वतःकडे घेतलेले. फोड पालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून. आणि अंतिम यादीची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाची. मतदाराने तक्रार केली की प्रत्येक जण खऱ्या अर्थाने सांगू शकतो की चूक आमच्या टप्प्यावर झालेली नाही.

विधानसभेच्या यादीत नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि त्यापुढे तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात दोन अपिलं आहेत, वर राज्य सेवा हक्क आयोग आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. प्रभाग यादीवरच्या हरकतीला अशी पायऱ्यांची साखळी जोडलेली नाही. एका दाखल्याला जेवढं संरक्षण आहे तेवढं मताच्या प्रभागाला नसावं, हे आम्हाला गंभीर वाटतं. कंट्रोल चार्टच प्रारूप यादीबरोबर जाहीर केला तरी बराच फरक पडेल. दोन पानांच्या तक्त्यात गल्लीतला कुणीही चूक दाखवू शकेल, शेकडो पानं चाळायची गरजच राहणार नाही.

दुबार नावांच्या बाबतीत मात्र गेल्या निवडणुकांत काम सुधारलं. संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापले गेले. अशा मतदाराला शोधून तो कुठे मतदान करणार हे विचारायचं, आणि संपर्क झालाच नाही तर केंद्रावर हमीपत्र घ्यायचं, अशी पद्धत ठरली. तारे म्हणजे नाव वगळलं असं नव्हे. आपल्या नावापुढे ते दिसले तर घाबरू नये, पण कुठल्या केंद्रावर मतदान करणार ते आधीच लेखी कळवावं, म्हणजे मतदानाच्या दिवशी रांगेत उभं राहून हमीपत्र भरत बसावं लागत नाही.

अंतिम यादी लागली की पुन्हा एकदा बघायला हवी, कारण हरकत मान्य झाली म्हणजे नाव हललंच असं नाही. मान्य झालेला बदल चार्टवर चढवायचा राहून जातो. त्यानंतर मतदान केंद्रनिहाय यादी येते, तिच्यात केंद्राचा पत्ता असतो. पोचपावती आणि त्या यादीतल्या आपल्या नावाच्या पानाची झेरॉक्स एकत्र टाचून ठेवावी.