चाकाने स्क्रोल: टीमक्स की स्क्रीन?
एसएसएचवर (दूरच्या संगणकावर टर्मिनलने काम करताना) टीमक्स किंवा स्क्रीन, म्हणजे एकाच टर्मिनलात अनेक विंडो चालवणारे प्रोग्राम, वापरताना माउसचं चाक फिरवलं की जुन्या ओळींऐवजी मागच्या कमांड येतात? कारण टर्मिनल चाकाला बाणाची कळ समजतं.

टीमक्समध्ये कॉन्फ फाइलीत (सेटिंगच्या फाइलीत) ‘सेट -जी माउस ऑन’ लिहा, झालं. चाक वर नेलं की कॉपी मोड (जुन्या ओळी पाहण्याचा) उघडतो, ‘क्यू’ने बंद. मुळात २००० ओळी राहतात. हिस्टरी-लिमिट (ओळींची ही मर्यादा) वाढवली तरी आधीच उघडलेल्या पेनना (विंडोच्या भागांना) ती लागू होत नाही. मजकूर निवडताना बहुतेक टर्मिनलांत शिफ्ट धरावं लागतं.

स्क्रीन म्हणजे जुनं खोड. ओळी १००च, म्हणून डेफस्क्रोलबॅक हे सेटिंग १०००० करा. टर्मकॅपइन्फो या सेटिंगात ‘टीआय@:टीई@’ घातलं की चाक चालतं, पण सगळ्या विंडोंचा मजकूर एकत्र कालवला जातो. मला हे नकोच वाटतं.

आकार बिघडला? टीमक्समध्ये कडेला ठिपके दिसले तर दुसरीकडे लहान टर्मिनल जोडलेलं आहे. ‘अटॅच -डी’ने ते सोडवा. स्क्रीनमध्ये आकार जुळवायला कंट्रोल-ए, मग कॅपिटल एफ दाबा.