झिप, टार-जीझेड, एक्सझेड की झेडस्टँडर्ड: फायली कशात बांधाव्या?

कमांड लाइनवर (आज्ञा टाइप करून) अनेक फायली दाबून एकाच फाइलमध्ये बांधायला घेतल्या की "सर्वात लहान फाइल कशाने होईल?" असं बहुतेक जण विचारतात. मी आधी दुसरंच बघतो: ही फाइल पुढे कोण उघडणार, आणि तिच्यातली एखादीच फाइल काढायची वेळ येईल का?

१९८९ साली आलेल्या झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबली जाते आणि सगळ्यांची यादी शेवटी असते. त्यामुळे 'अनझिप -एल' क्षणात यादी दाखवतं, हवी ती एकच फाइल लगेच निघते. विंडोज किंवा मॅकवाल्या माणसाला पाठवायचं असेल तर झिपच घ्या. मात्र लिनक्सवर 'झिप -आर'ने अख्खं फोल्डर बांधताना '-वाय' दिलं नाही, तर सिम्लिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याच्या) जागी मूळ फाइलच आत जाते. शिवाय जुन्या प्रोग्रॅमने केलेल्या झिपमधली मराठी नावं उघडल्यावर भलतीच चिन्हं दिसतात.

टार स्वतः काहीच दाबत नाही, फायली एकामागे एक जोडतो. परवानग्या, मालक, सिम्लिंक सगळं जपतो, म्हणून सर्व्हरच्या बॅकअपला तोच बरा. पण दाबलेला टार म्हणजे एक सलग पट्टी. एकदा रात्री मोठ्या टार-जीझेडमधून (जीझिपने दाबलेल्या टारमधून) मला एकच कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जची फाइल हवी होती. ती थोड्याच वेळात डिस्कवर आली, तरी टार थांबेना. अडकला असं वाटून मी तो दोनदा बंद केला. खरं तर तो बरोबरच वागत होता: त्याच नावाची नवी प्रत पुढे जोडलेली असू शकते, म्हणून तो शेवटपर्यंत वाचतो. पहिली प्रत पुरेशी असेल तर जीएनयू टारला (लिनक्सवरच्या नेहमीच्या टारला) '--ऑकरन्स' द्यायचं, तो तिथेच थांबतो.

आता टारला जोडी कोणाची, म्हणजे तो दाबायचा कशाने? जीझिप सगळीकडे सापडतो, पण मागचे ३२ केबीच लक्षात ठेवतो, त्यामुळे लांबची पुनरावृत्ती त्याला दिसत नाही. एक्सझेड खूप लहान करतो, वेळ आणि मेमरी मात्र भरपूर खातो. '-९' ही सर्वात वरची पातळी लावली तर दाबताना सुमारे ६७४ एमबी मेमरी लागते, छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) तेवढ्यानेच काम मध्येच बंद पडू शकतं. एकदा बांधून हजारो लोकांनी उतरवायचं असेल तिथे एक्सझेड शोभतो, लिनक्स कर्नलचा सोर्स असाच मिळतो.

रोजच्या बॅकअपसाठी माझं मत झेडस्टँडर्डला. आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकाराने आपल्या सॉफ्टवेअर पॅकेजेससाठी २०१९च्या अखेरीस एक्सझेड सोडून तो घेतला, तेव्हा पॅकेजेसचा एकूण आकार जेमतेम ०.८ टक्के वाढला आणि उघडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी. इतक्या थोड्या जागेसाठी रोज ताटकळायचं कशाला? अडचण एकच, जीएनयू टारला तो १.३१पासूनच कळतो. समोरचा सर्व्हर जुना असेल तर निमूटपणे जीझिप वापरा.

आणि परकी फाइल उघडण्याआधी आतली यादी दाखवणारं 'टार -टीएफ' चालवाच. सगळं एका फोल्डरखाली नसेल तर रिकामं फोल्डर करून '-सी'ने (कॅपिटल सी) तिथे काढा, नाहीतर तुम्ही असाल त्याच फोल्डरमध्ये शेकडो फायली पसरतात.