सिमॅरॉन की चेरी? अमेरिकेतील दोन ग्रामीण काउंट्या

अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांचा अभ्यास एखाद्याच काउंटीपासून (राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागापासून) सुरू करायचा असेल, तर ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाची सिमॅरॉन आणि नेब्रास्काच्या उत्तर सीमेवरची चेरी यांपैकी एक निवडावी. वस्ती दोन्हींकडे विरळ आहे. २०२० च्या जनगणनेत सिमॅरॉनमध्ये सुमारे २,३०० आणि चेरीत सुमारे साडेपाच हजार माणसे होती. त्यातही चेरीचे क्षेत्रफळ जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढे आहे.

सिमॅरॉनचा इतिहास सीमारेषांपासून सुरू होतो. गुलामगिरी असलेल्या टेक्सासने १८५० च्या तडजोडीत (गुलामगिरीच्या वादावर काँग्रेसने केलेल्या समझोत्यात) ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेकडील जमिनीवरचा दावा सोडला, कारण त्या रेषेच्या उत्तरेस गुलामगिरीला मनाई होती, पुढे कॅन्ससची हद्द ३७ अंशांवर ठरली आणि मधली पट्टी १८९० मध्ये ओक्लाहोमा टेरिटरीला (अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशाला) जोडली जाईपर्यंत कोणत्याच राज्याच्या किंवा टेरिटरीच्या ताब्यात नव्हती. आज ही काउंटी इतर चार राज्यांना भिडते. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, कुरणे नांगराखाली गेली आणि १९३० च्या दशकातील अवर्षणात उघडी पडलेली माती वाऱ्याने उडवून नेली. धुळीच्या वादळातून मुलांसह चाललेल्या शेतकऱ्याचे आर्थर रॉथस्टाइन यांचे १९३६ मधील प्रसिद्ध छायाचित्र याच काउंटीतले आहे.

चेरीत नांगर टिकलाच नाही. येथे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्या पोटातील ओगलाला या विस्तीर्ण भूजलसाठ्याचे पाणी सखल जागी तळ्यांच्या रूपाने वर येते. १९०४ च्या किंकेड कायद्याने वसाहतकारांना नेहमीच्या १६० एकरांऐवजी ६४० एकर सरकारी जमीन देऊ केली, तरी तेवढ्यावर अनेकांचे भागले नाही; त्यांनी जमिनी विकल्या आणि त्या मोठ्या पशुपालकांकडे गेल्या. वसाहतकारांचे हे अपयश गवताच्या मात्र पथ्यावर पडले, असे मला वाटते.

धोरण आणि शेतीचा इतिहास हा विषय असेल, तर सिमॅरॉनच घ्यावी. तेथे कायदा, बाजारभाव आणि माती यांचा संबंध सलग दिसतो, शिवाय ब्लॅक मेसा हे राज्यातील सर्वोच्च ठिकाणही (१,५१६ मीटर) तेथेच आहे. भूजल, गवत किंवा वनस्पतींकडे ओढा असलेल्याने चेरी निवडावी आणि व्हॅलेंटाइन या मुख्य गावाजवळील नायोब्रारा नदीच्या खोऱ्यापासून सुरुवात करावी, कारण पश्चिमेकडील पाँडेरोसा पाइन आणि पूर्वेकडील रुंदपर्णी वृक्ष तेथे एकत्र वाढतात.